काचपट्टीवर काहीच सापडेना

काकांच्या उजव्या डोळ्याशेजारचा तो फोड सगळ्यात आधी काकूच्या लक्षात आला, कारण काकांचे केस तीच कापते. काकूचं स्वतःचं सलून आहे. सलून बंद असतं त्या दिवशी आम्हा घरच्यांचा नंबर लागतो, आणि मग मान हलवली की टपली बसते.

"अहो, हा फोड मागच्या वेळीही होता," काकू म्हणाली.

"असेल."

"असेल काय? फोड येतो, चार दिवस राहतो आणि जातो. हा भाडेकरू जागा सोडायचं नावच घेत नाही."

काका हसले आणि विषय तिथेच संपला. काका बंदरावर क्रेन चालवतात. खाली बोट, वर आभाळ आणि मध्ये काचेच्या खोक्यात आमचे काका. तिथून ते घराएवढा कंटेनर उचलतात आणि बोटीच्या पोटात नेमक्या जागी अलगद बसवतात. बंदरावर त्यांना सगळे घार म्हणतात. उमेदीची वर्षं त्यांनी उघड्या क्रेनवर काढली, डोक्यावर छप्परसुद्धा नसलेल्या. ऊन आपल्याला काही करत नाही याचा त्यांना भारी अभिमान होता.

मी तेव्हा दुसऱ्या शहरात शिकत होते. माझे आईवडील लहानपणीच गेले, मला काका-काकूंनीच वाढवलं. घारीच्या घरातली म्हणून मी चिमणी. शिक्षण संपवून इथल्याच हॉस्पिटलात पॅथॉलॉजीत रुजू झाले आणि घरी आले, तर काकांच्या डोळ्याशेजारी सुपारीएवढी गाठ. वर खपली, खपलीच्या कडेने रक्त. बोट लावून बघितलं. कड टणक होती आणि गाठ खालच्या हाडाला धरून बसल्यासारखी हलतच नव्हती.

हे लक्षण मी ओळखलं. माझं कामच ते. माणसाच्या शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा, त्याचे कागदाहून पातळ काप काढायचे, रंगवून काचपट्टीवर घ्यायचे आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं, की हा साधा आहे की घातकी.

"काका, उद्या माझ्याबरोबर चला."

"उद्या दोन बोटी लागतायत."

"बोटींना सांगा, घारीला चिमणीने पकडून नेलं."

काकू स्वयंपाकघरातून ओरडली, "न्यायलाच हवं! मी सांगून सांगून थकले!"

तुकडा तपासला. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. कातडीच्या वरच्या थरातल्या, माशाच्या खवल्यांसारख्या चपट्या पेशींचा कॅन्सर. वेळेत सापडला तर बहुतेक वेळा कापून काढला की काम भागतं. काकांचा वेळेत सापडला नव्हता. स्कॅनमध्ये तो डोळ्याच्या खोबणीच्या भिंतीपाशी पोचलेला दिसत होता.

सर्जन उंच, शांत गृहस्थ. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. "पूर्ण काढायचा तर डोळ्यासकट काढावा लागेल."

काकू माझा हात घट्ट धरून बसली. काकांनी एकच प्रश्न विचारला. "एका डोळ्याने अंतर कळतं का हो?"

"रोजच्या व्यवहारापुरतं कळायला लागतं. सवय होते."

"आणि वरून खाली बघताना? हवेत लोंबकळणारा कंटेनर किती खाली आहे, ते?"

सर्जनने मान हलवली. "तुमच्या कामाला लागतं तेवढं नाही."

"म्हणजे खाली उतरायचंच म्हणा की," काका म्हणाले. असं म्हणाले, की जणू दुसऱ्याच कुणाला उतरवायचंय.

माझ्या जिभेच्या टोकावर एक गोष्ट केव्हाची येऊन बसली होती. अशा कॅन्सरवर नव्याने झालेलं संशोधन मी अधाशासारखं वाचत होते. ऑपरेशनच्या आधीच प्रतिकारशक्तीला जागं करणारं औषध द्यायचं, आणि मग कापायचं. काही रोग्यांच्या बाबतीत, कापून काढलेल्या तुकड्यात कॅन्सरच सापडला नव्हता! पण घरचं माणूस समोर असताना 'काही रोगी' हे शब्द फार लहान वाटतात. शेवटी सर्जननेच तो विषय काढला.

"आपल्याकडे ऑपरेशनआधी द्यायच्या एका नव्या औषधाची चाचणी सुरू झालीय. मी खात्री देत नाही. पण तुम्ही त्या डॉक्टरांना भेटावं असं मला वाटतं."

चाचणीच्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्याहून थोड्याच मोठ्या होत्या आणि बोलायला फटकळ. काका काय काम करतात ते आधी त्यांनी विचारून घेतलं.

"बंदराच्या गेटवर पहारेकरी असतात ना?"

"असतात. डुलक्या काढत."

"तुमच्या अंगातले डुलक्या काढत नाहीयेत. ते आलेत गाठीपर्यंत. पण कॅन्सरच्या पेशी त्यांना ओळखीचा इशारा करतात, की आम्ही घरचेच, पुढे जा. आणि ते पुढे जातात. हे औषध त्या इशाऱ्याच्या मध्ये येतं. इशारा पोचला नाही, की पहारेकरी थांबतो आणि नीट बघतो."

काका पुढे सरकून बसले. "म्हणजे माणसं माझी, गेट माझं, आणि फसवतंय कोण, तर हा?"

"अगदी. पण पहारेकरी बिथरले तर चांगल्या माणसालाही झोडपतात. आतडी, फुप्फुसं, यकृत, कुठेही सूज येऊ शकते. आम्ही लक्ष ठेवू, पण धोका आहे."

"आणि लागूच नाही पडलं तर?" काकूने विचारलं.

"तर ठरलं होतं तसं ऑपरेशन. पण तेवढ्या काळात गाठ वाढली, तर ते अजून मोठं होईल. हे सगळं कळूनच हो म्हणा."

काकांनी काकूकडे बघितलं, काकूने माझ्याकडे. मी पुतणी म्हणून बघावं की डॉक्टर म्हणून, हे मला कळेना. शेवटी काकाच म्हणाले, "वारा असला तरी कंटेनर उचलतोच ना आपण. अंदाज घेऊन. घ्या उचलायला."

दुसऱ्या दिवशी आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडमनी मला बोलावलं. त्यांच्या नजरेतून एक पेशी सुटत नाही अशी त्यांची ख्याती. "काकांच्या काचपट्ट्यांच्या आसपास तू फिरकायचं नाहीस," त्या म्हणाल्या. "माया आली की डोळ्यांना हवं तेच दिसतं. तुलाच नाही, मलाही दिसलं असतं."

हे मला पटत होतं आणि तरी मी मनातल्या मनात चरफडत होते.

औषधाचा पहिला डोस सलाइनमधून गेला. काकांच्या शेजारच्या खुर्चीत एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्यांच्या गालावर असलीच गाठ. औषध थेंबथेंब जाईपर्यंत दोघं मिळून शब्दकोडं सोडवायचे आणि भांडायचे. घरी आल्यावर काहीच झालं नाही. थोडी खाज, थोडा थकवा. काकू मात्र रोज सकाळी काकांना खिडकीपाशी उभं करून निरखायची.

"कमी वाटतंय ना?"

"अगं, कालच तर बघितलंस."

"काल उजेड नव्हता."

दुसऱ्या डोसनंतर उजेड असो नसो, सगळ्यांना दिसलं. गाठ फुगली. लाललाल झाली, आजूबाजूची कातडी ताणून चकाकायला लागली, डोळा अर्धा मिटला. मी कामावर होते. काकूचा फोन आला, तेव्हा ती फक्त 'लवकर ये' म्हणाली. तिने समोरच्या गिऱ्हाइकाला अर्ध्या कापलेल्या केसांवर तसंच सोडलं होतं.

हॉस्पिटलात सर्जनने गाठ बघितली आणि त्यांचा चेहरा कठीण झाला. "आता थांबण्यात अर्थ नाही. आज डोळ्यावर भागेल. उद्या तेवढ्यावर भागेल का, सांगता येत नाही."

"किंवा आत मारामारी चालू आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पहारेकरी गर्दी करून आत घुसले, तरी गाठ अशीच सुजते. गाठ वाढली तरी अशीच दिसते. बाहेरून फरक कळत नाही."

"आणि तुमचं चुकलं तर?"

"तर माझं चुकलं. म्हणून तर मी अंदाजावर पुढचं औषध देणार नाही."

दोघांचा आवाज चढला नव्हता, पण खोलीतली हवा तापली होती. काका खुर्चीत बसून एका डोळ्याने कधी यांच्याकडे, कधी त्यांच्याकडे बघत होते. मग म्हणाले, "अहो, इथे बसून तर्क कशाला लढवताय? आत डोकावून बघा की."

तुकडा घेतला गेला आणि तातडीने प्रयोगशाळेत आला. मला आत जायची बंदी. मी बाहेरच्या बोळात उभी. काप निघाला, रंग चढला, काचपट्टी मॅडमच्या टेबलावर गेली, हे सगळं मला दारातून दिसत होतं. पुढचं मॅडमच्या पाठीआड. सर्जन आणि डॉक्टरीणबाई तिथेच येऊन थांबले होते, एकमेकांशी न बोलता. काकू खाली काकांजवळ होती.

मॅडम उठल्या. चष्मा कपाळावर ढकलून बाहेर आल्या.

"घुसलेत," त्या म्हणाल्या. "जिकडे बघावं तिकडे तेच."

सर्जनने डोळे मिटले. "कॅन्सर?"

"कॅन्सर कसला! लिम्फोसाइट. तुमचे पहारेकरी! झुंबड उडालीय नुसती. कॅन्सरची बेटं उरलीत जेमतेम आणि तीही कडेने ढासळतायत. इतक्या वर्षांत असं दृश्य मी फार कमी बघितलंय."

सर्जनने हात पुढे केला आणि डॉक्टरीणबाईंच्या हातात दिला. "चालू ठेवा तुमचं औषध. मी सुरी बाजूला ठेवतो. पण सूज उतरली नाही, तर मी ऐकणार नाही."

मी जिने उतरले की उडत गेले, मला आठवत नाही. काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी सुजलेल्या डोळ्यावर अलगद हात ठेवला आणि म्हणाले, "हाणा रे पोरांनो."

सूज उतरली. आधी लाली गेली, मग ताण गेला, मग डोळा पूर्ण उघडला. आणि एके दिवशी सकाळी मी दात घासत असताना न्हाणीघराबाहेरून काकूची किंकाळी आली, "चिमणे, अगं धाव! पडली!"

मला वाटलं काका पडले. तोंडात फेस घेऊन धावले. काका ठणठणीत उभे होते, बेसिनपाशी, ओल्या तोंडाने. पडली होती ती खपली. काकूने ती पांढऱ्या बशीत ठेवली होती आणि दोघं बशीकडे बघत होते. खपलीखाली, जिथे सुपारी होती, तिथे गुलाबी, सपाट कातडी.

"फेकू नकोस," मी म्हटलं, फेस गिळतच. "डॉक्टरांना दाखवू."

"फेकते कशाला? फ्रेम करते!" काकू म्हणाली आणि खाली बसून रडायला लागली.

सगळ्यांचं मात्र असं झालं नाही. शब्दकोड्याच्या भांडकुदळ शिक्षिकाबाईंच्या गाठीने औषधाला जुमानलं नाही. त्यांचं मोठं ऑपरेशन झालं, गाल आणि जबड्याचा काही भाग गेला. काका त्यांना भेटायला गेले तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी काकांच्या हातातून पेन हिसकावून घेतलं आणि काकांनी चुकवलेला एक शब्द कोड्यात नीट भरला. एकाच्या अंगात पहारेकरी जागे होतात आणि दुसऱ्याच्या का होत नाहीत, याचं उत्तर अजून पुरतं कुणाकडे नाही. मॅडमच्या प्रयोगशाळेत दोघांचेही तुकडे त्याच प्रश्नासाठी जपून ठेवले आहेत.

काकांचंही ऑपरेशन झालं, पण कसलं! गाठ होती तिथली कातडी आणि खालचा थोडा भाग, एवढंच. डोळा जागच्या जागी. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, "हाताला मऊ लागलं. पण हाताचं काही खरं नाही. आत काही उरलंय का, ते आता तुमच्या मॅडम सांगतील."

खरी परीक्षा तीच होती. डोळ्यांना दिसत नाही, स्कॅनवर दिसत नाही, तरी मूठभर पेशी दबा धरून बसलेल्या असू शकतात. मॅडमनी काढलेला सगळा तुकडा मेणात बसवला, एक कोपराही सोडला नाही. त्या दिवशी निकाल आला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी अजून खोलवरचे काप मागवले.

"इतका वेळ का लागतोय?" काकू पुन्हा पुन्हा विचारत होती. "वाईट आहे म्हणून का?"

"नाही गं," मी म्हणत होते. वाईट असेल तर ते लगेच सापडतं, वेळ लागतो तो सापडत नसेल तर, हे मला माहीत होतं. पण ते बोलायची हिंमत होत नव्हती. आशेचं ओझं वाईट बातमीपेक्षा जड असतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी दुसऱ्यांच्या काचपट्ट्या बघत होते आणि एकच काचपट्टी पुन्हा पुन्हा तपासत होते, कारण लक्ष मॅडमच्या दाराकडे होतं.

दार उघडलं. "रिपोर्टवर सही झालीय," मॅडम म्हणाल्या. "दुसऱ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांनीही वेगळं बघून सही केलीय. काकांनी परवानगी दिलीय, आता तू बघू शकतेस. बस."

मी बसले. डोळे लावले. गुलाबी, लाटालाटांचा व्रण. मध्येच केराटिनचे तुकडे. कॅन्सरच्या पेशी जिवंत असताना जे टणक द्रव्य तयार करतात, ते तेवढं मागे राहिलेलं, माणसं उठून गेलेल्या घरासारखं. त्याच्याभोवती केर गोळा करणाऱ्या मोठ्या फेसाळ पेशी. आणि सगळीकडे पेरल्यासारखे निळे ठिपके, लिम्फोसाइट.

"शोध," मॅडम म्हणाल्या. "एक जरी सापडली तरी सांग. मी सही मागे घेईन."

मी शोधलं. वैऱ्यासारखं शोधलं. एक काचपट्टी, दुसरी, मग खोल कापांच्या. प्रत्येक कोपऱ्यात थांबले, संशयाची प्रत्येक जागा मोठी करून बघितली. मनातली पुतणी म्हणत होती, पुरे कर. मी तिला गप्प बसवलं आणि पुढची काचपट्टी सरकवली.

"काही नाही," शेवटी मी म्हटलं. "मॅडम, काहीच नाही!"

"एकही नाही," मॅडम म्हणाल्या. आणि कधी कुणाच्या पाठीवर हात न ठेवणाऱ्या त्या बाईंनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला, की माझा चष्मा टेबलावर पडला. "जा पळ. डॉक्टरीणबाईंना घेऊन जा, सांगायचा मान त्यांचा."

वॉर्डात काकू काकांच्या शेजारच्या खाटेवरच्या आजोबांची दाढी करत होती. रिकामं बसवेना म्हणून. डॉक्टरीणबाई पुढे, मी मागे, आणि कुठूनसे कळून सर्जनही आले. आमचे चेहरे बघूनच काकूच्या हातातला वस्तरा थांबला.

"काढलेल्या तुकड्यात जिवंत कॅन्सर सापडला नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शोधून शोधून सापडला नाही."

काकू म्हणाली, "म्हणजे गेला?"

"आज नाहीये, असं मी छातीवर हात ठेवून सांगते. परत कधी येणारच नाही असं सांगत नाही. तपासण्या चालू राहतील, बरीच वर्षं. आणि टोपी घातल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकायचं नाही."

"टोपी मी खिळ्याने ठोकते डोक्यात," काकू म्हणाली.

अर्धी दाढी झालेले आजोबा टाळ्या वाजवायला लागले. मग पलीकडच्या खाटेवरचा मुलगा, मग नर्स, आणि बघता बघता अख्खा वॉर्ड. काका उजव्या हाताने डोळा झाकत होते आणि उघडत होते, झाकत होते आणि उघडत होते. मी विचारलं, "काय करताय?"

"दरवाजा किती लांब आहे ते बघतोय," ते म्हणाले. "दोन्ही डोळ्यांनी बरोब्बर कळतंय."

त्यानंतर पुष्कळ दिवसांनी डोळ्यांच्या, रक्ताच्या सगळ्या तपासण्यांतून पार पडून काका पुन्हा क्रेनवर चढले, काचांना गडद पडदा लावूनच. पण हॉस्पिटलातून घरी सोडायच्या आधी त्यांनी एक हट्ट धरला. त्यांना ती काचपट्टी बघायची होती.

मॅडमनी हो म्हटलं. काका आमच्या स्टुलावर बसले, पट्टी बांधलेलं डोकं मायक्रोस्कोपवर टेकवलं आणि बराच वेळ शोधत राहिले.

"कॅन्सर कुठेय?"

"नाहीये, काका. तेच तर."

"ते कळलं. आमची माणसं कुठली?"

"ते निळे ठिपके."

"हे?" काकांनी मान वर केली, आमच्याकडे बघितलं, पुन्हा डोळे लावले. "एवढेसे? अगं, मला वाटलं कसले दांडगे गडी असतील. हे तर मोहरीएवढेसुद्धा नाहीत. बघ बघ, तिकडे कोपऱ्यात अजून एक टोळकं आहे. काम संपलं तरी उभेच!"

"अहो, सरका," काकूने त्यांना कोपराने ढकललं. "मलाही बघू द्या. पोरांना आपल्याकडूनही कुणी शाबासकी द्यायला नको?"